मावशीची तीस मिनिटं

आमच्या मावशीला हॉस्पिटलात सगळे ‘थांबा-मॅडम’ म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर म्हणायची कोणाची छाती आहे?

ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं आहे. हृदयाचे स्नायू दुखावले की रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन उतरतं. ते ती मोजते. बायपासनंतर ते सगळ्यांचंच वाढतं. हृदयाला हात लावला तर ते कुरकुरणारच. किती कुरकुरतंय, एवढंच बघायचं. पण त्याआधी नळीतलं रक्त पूर्ण गोठू द्यायचं आणि मगच नळी यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं करायचं. या पेशंटना रक्त पातळ ठेवायचं औषध दिलेलं असतं, त्यामुळे ते गोठायलाही आळस करतं. घाई केली तर बारीक धागे राहतात आणि आकडा भलताच येतो. म्हणून तीस मिनिटं. तोवर वरच्या आयसीयूतून फोन.

“मॅडम, झालं का?”

“थांबा.”

“सर विचारतायत हो.”

“मग सरांनाही थांबायला सांगा.”

सोमवारी काकांचाच, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचाच, इथे बायपास झाला. मंगळवारी मावशी कामावर हजर. “वर बसून काय करू? पंख्याची पाती मोजू?” सकाळचा आकडा अठराशे. ठीक. दुपारी दुसरी नळी आली, नवऱ्याच्या नावाची. मावशीने ती यंत्रात घातली. आकडा आला एकवीस हजार आणि आपसूक वरच्या कॉम्प्युटरवर गेला.

सर्जनांचा फोन आला. त्यांचा आवाज असा, की रिसीव्हर वीतभर लांब धरावा लागतो.

“ईसीजी नीट आहे, पण एकवीस हजार म्हणजे जोडलेली नस बंद पडली असणार! छाती पुन्हा उघडतोय. ऑपरेशनचं टेबल लागतंय!”

मावशीने नळी उजेडात धरली. पिवळ्या पाण्यात केसाएवढा धागा तरंगत होता.

“सर, थांबा.”

“ही थांबायची वेळ आहे का, मॅडम?”

“नळी पंधरा मिनिटांतच फिरवली गेली.”

“कोणी फिरवली? त्याला आधी माझ्यासमोर–”

“मी.”

बावीस वर्षांत पहिल्यांदाच रिसीव्हर कानाला लावता आला.

“नवीन रक्त पाठवा. गोठायला तीस मिनिटं, यंत्राला वीस.”

“पन्नास दिली. एक्कावन्नावं नाही.”

नळी आली. मावशी स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.

“मॅडम, पंचवीस झाली,” लॅबमधली शेजारची मुलगी म्हणाली. “एवढ्यानं चालतं की.”

“थांब गं.”

आकडा आला चोवीसशे. वरून निरोप आला: ऑपरेशन रद्द, टेबल सोडलं.

मग मावशीने चुकांची वही काढली. ‘चूक कोणाची’ या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, सुवाच्य अक्षरात. ‘कारण’ या रकान्यात ‘घाई’ लिहिलं. मग ते खोडून ‘नवरा’ लिहिलं.

वहीत नुसती खोडाखोड चालत नाही. म्हणून शेजारी सही केली आणि वेळ टाकली.