बहिणीची सही

जमीनजुमल्याची कामं करणारी वकील व्हायचं, हे अरिबाने बारावीतच ठरवलं होतं. जन्म गेला खडकीच्या सरकारी क्वार्टर्समध्ये, त्यामुळे स्वतःच्या नावावर जागा असणाऱ्यांचं तिला भारी अप्रूप. लॉच्या शेवटच्या वर्षाला ती शनिवार पेठेत आमोद वकिलांकडे काम शिकायला जाऊ लागली. मालमत्तेचा कायदा तिला तोंडपाठ होता. सरांनी तिला पहिल्याच आठवड्यात लक्ष्मी रोडला साड्या आणायला धाडलं.

साड्या पक्षकारांच्या बहिणींसाठी होत्या. बिल्डर जमीन घ्यायला आला की बापाच्या जमिनीतले बहिणींचे हिस्से आडवे येतात. मग बहिणीला माहेरी जेवायला बोलवायचं, साडी द्यायची आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यायची. "टायटल क्लिअर करायचं म्हणजे आधी बहिणी क्लिअर करायच्या," हे सरांचं ब्रह्मवाक्य. हिंदू असो की मुसलमान, या बाबतीत पक्षकारांमध्ये सर्वधर्मसमभाव पुरेपूर. अरिबाला शिसारी यायची. पण काम शिकायचं होतं, म्हणून ती गिळायची.

कात्रजच्या साईनाथ या पक्षकाराची बहीण शालन अशीच रविवारी जेवायला आली. साडी घेऊन अरिबाही तिथे गेली होती. पुरणपोळी झाली, साडी झाली. हात पुसत तिने अरिबाला विचारलं, "ताई, उद्या सही कशावर करायची हाय?"

"वारसनोंदीसाठी लागते, मावशी," अरिबा म्हणाली. सरांनी पढवलेलं वाक्य होतं. ते किती सहज तोंडातून निघालं, याचंच तिला नंतर वाईट वाटलं.

सोमवारी रजिस्ट्रारच्या ऑफिसात शालन ती नवी साडी नेसून आली. बाकावर बसल्या बसल्या तिने पुन्हा विचारलं, "वारसनोंदीत माझं बी नाव लागंल ना? दादा लागंल म्हणतोय."

आता मात्र अरिबाच्याने राहवेना. "नाही मावशी. ही सही केली की तुमचं नाव लागणार नाही. जमिनीत तुमचा हिस्सा राहणार नाही."

 शालन उठून भावासमोर गेली. "दादा, मागितली असतीस तर दिली असती की रं सही. फसवायला कशाला बसलास?" एवढंच म्हणाली आणि सही न करता निघून गेली.

साईनाथने अरिबाला नको नको ते ऐकवलं. आता हकालपट्टी ठरलेली, असं धरून ती ऑफिसात परतली. सर मात्र खुशीत होते.

"बस, बस. साईनाथ वकीलपत्र देऊन गेला. बहीण आता वाटपाचा दावा लावणार, म्हणजे निदान दहा वर्षांची निश्चिंती. हक्कसोडीत काय मिळतं? एकदाच काय ती फी. तिलाही वकील लागेलच. आपल्याच हाताखालच्या अभयचं नाव गावातून तिच्या कानावर घालायला सांगितलंय. दोन्ही बाजू घरातच राहतील." त्यांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "लवकर शिकलीस हं. सनद मिळाली की पाटीवर माझ्याखाली तुझं नाव लावू."

अरिबाच्या डोळ्यांसमोर ती पाटी आली, आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, तिला बरं वाटलं. सरांची किळस तर होतीच. आता स्वतःचीही आली. चहाला हात न लावता ती जिना उतरली आणि रस्त्यावरूनच शालनला फोन लावला.

"मावशी, अभय नावाचा वकील कुणी सुचवला तर त्याच्याकडे जाऊ नका. तो आमच्या सरांचाच माणूस आहे. मी तुम्हाला दुसरा चांगला वकील शोधून देते."

 शालनच्या आवाजात राग नव्हता.

"ताई, काल माझ्या माहेरात बसून तुम्ही सांगितलं, वारसनोंद हाय. सकाळी सांगितलं, हक्क जातोय. आता हे तिसरं. तुम्ही बी त्याच हापिसातल्या. तुम्ही दिलेला वकील कुणाचा असंल, हे मी कुणाला इचारू?"

 शालनने फोन ठेवून दिला.