काठी घ्यायला जाताना बांगड्यांना रुमाल बांधा

या ब्लॉगवर आजवर धबधबे, मिसळीच्या जागा आणि माथेरानची एक फसलेली सहल यांपलीकडे काही आलेलं नाही. यावेळचा प्रवास दोन दिवसांचा आहे, सगळा ठाणे ते कल्याण एवढ्याच टापूतला, आणि त्याचं कारण एकच: माझ्या वडिलांसाठी मासेमारीची काठी विकत घेणं. ‘बास पकडायला कास्टिंग रॉड कसा निवडावा’ असं इंटरनेटवर शोधलंत तर परदेशातली तळी आणि टोपी घातलेले पुरुष दिसतात. आपल्या खाडीतल्या जिताड्यालाही इंग्रजीत सी बासच म्हणतात, त्यामुळे ही हकीकत इकडच्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

थोडं आधीचं सांगते. मी डोंबिवलीत राहते, माहेर कोपरीचं, आम्ही कोळी. बाबा एकाहत्तर वर्षांचे. त्यांनी जन्मभर होडीतून हातदोरीने जिताडा धरला. हातदोरी म्हणजे नुसती दोरी, एका टोकाला गळ आणि दुसरं टोक उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात. पाण्याखाली कोण आलंय हे त्यांना बोटाला कळायचं. गेल्या वर्षी लकव्याचा हलका झटका आला. हाताची ताकद बऱ्यापैकी परतली, पण बोटं बधिर राहिली. त्यानंतर ते चारदा खाडीत गेले आणि चारही वेळा रिकामे परत आले. प्रत्येक वेळी त्यांनी दोरीला नावं ठेवली, तीन दोऱ्या बदलल्या, आणि शेवटी होडी विकायची भाषा सुरू केली. कुणीतरी बघूनही गेला. त्याला सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

मी शुक्रवारी फोनवर काठीचं काढलं.

“मना काठी कशाला? ती साहेबलोकांची,” बाबा म्हणाले. आमच्या बोलीत ‘मला’चं ‘मना’ होतं, होडीची होरी होते आणि जिताड्याचा जितारा.

“बघायला काय जातंय?”

“काठी बोलत असंल तं बगू,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी सकाळी सातला मी आमची जुनी गाडी काढली. डोंबिवलीहून कल्याण-शीळ रस्त्याने निघालात तर मेट्रोच्या कामामुळे कुठे वळवतील याचा भरवसा नाही, तासभर जास्तीचा धरा. शीळफाट्यावर नेहमीप्रमाणे अडकले. मग मुंब्र्याच्या बायपासने कोपरीला पोचायला पावणेदहा वाजले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसले होते. दुकानात जायचं म्हणून त्यांनी दाढीही केली होती. नको नको म्हणणाऱ्या माणसाच्या मानाने तयारी बरीच होती.

पहिलं दुकान खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत, जिना चढून वर. खाली गाडी लावायला जागा नाही, तो नाद सोडा आणि रिक्षाने जा. दुकानदार सावंत, पस्तिशीचा, बोलायला चांगला.

“मॅडम, जिताड्याला कास्टिंग रॉडच घ्या,” तो म्हणाला. “साडेसहा ते सात फूट. याच्यात रील काठीच्या वर बसतं. खाली ही पकड, बोट अडकवायला. आणि फेकताना अंगठा डायरेक्ट दोरीवर. दुसऱ्या काठ्यांना रील खाली लटकतं, तिथे अंगठ्याला काय काम नसतं.”

“अंगठा दोरीवर?” बाबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

“हो काका. सगळा कंट्रोल अंगठ्यात.”

सावंतने रील चढवून दोरी ओवून दिलेली काठी बाबांनी हातात घेतली. तोलून बघितली नाही की वाकवून बघितली नाही. दोरीवर अंगठा ठेवला, डोळे मिटले आणि मला म्हणाले, “शेंड्याला जा. मासा हो.”

हा आमच्या घरचा खेळ आहे. लहानपणी बाबा घरात दोरीचं एक टोक धरून डोळे मिटून बसायचे आणि मी बाहेर गल्लीत दुसरं टोक घेऊन मासा व्हायचे. खेकडा दोरी हळूहळू ओढत नेतो. शिंगाळा, तो मिशांचा काटेरी मासा, हिसके देतो, दोन-तीन पटापट. जिताडा एकदाच ठोकतो आणि थांबतो. तो थांबलेला असताना जो घाई करतो त्याला जिताडा मिळत नाही. मी काय केलं ते बाबा आतून ओरडून सांगायचे आणि कधी चुकायचे नाहीत. मी शाळेत जायच्या आधीपासून हे करत आले होते.

तर त्या दुकानात, शेचाळीस वर्षांची मी काठीच्या शेंड्यापाशी उभी राहून पुन्हा मासा झाले. नखाने दोरी हळूच ओढली.

“खेकरा,” बाबा म्हणाले.

दोन हिसके दिले. “शिंगाला.” एकदा ठोकून थांबले. “जितारा.” पाच वेळा केलं, पाचही बरोबर. सावंत बघतच राहिला. बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वर्षभरात बघितलं नव्हतं. काठी सहा हजार आठशेची होती, रील वेगळं. मी पर्स उघडली. मला त्या क्षणी बारा हजार सांगितले असते तरी दिले असते.

“काका, एक मी करू?” सावंत हौसेने म्हणाला. बाबांनी डोळे मिटून मान हलवली. सावंतने शेंड्याला नखाने ठोकलं आणि थांबला. मग ओढलं. मग हिसके दिले. मग माझ्याकडे बघितलं.

बाबा तसेच होते, डोळे मिटून, अंगठा दोरीवर. थोड्या वेळाने म्हणाले, “सुरू कर ना.”

मी माझ्या हाताकडे बघितलं. आठ दिवसांपूर्वी चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न झालं होतं, त्यातला हिरवा चुडा अजून दोन्ही हातांत होता. मी ओढलं की बांगड्या लांब वाजत होत्या, हिसका दिला की पटापट, ठोकलं की एकदाच. बाबांनी डोळे उघडले. त्यांनी सावंतकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या मनगटाकडे. काठी अलगद काउंटरवर ठेवली आणि जिना उतरायला लागले.

बाबांना कोपरीला न सोडता मी डोंबिवलीकडेच घेऊन निघाले, वाटेत शीळफाट्याला थांबलो. तिथे फाट्याच्या अलीकडे वडापाव बरा मिळतो, चटणी जास्त मागा. बाबांनी अर्धाच खाल्ला.

“मी फसवत नव्हतो,” ते म्हणाले. “मना वाटलं हातातूनच येतंय.”

“मला ठाऊक आहे.”

“दोऱ्या चांगल्याच होत्या सगल्या. सोमवारी त्याला हो सांगून टाकू.”

मला वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला, कारण हा खेळ आणि त्या बांगड्या दोन्ही माझेच होते. तशीच त्यांना घरी घेऊन आले.

रविवारी सकाळी मी चुडा काढायला खोबरेल तेल घेतलं. बाबा पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, “हात मोकला नको करू.” लग्नाच्या चुड्याबाबत ते जुन्या वळणाचे आहेत, आणि वाद घालायचा तो दिवस नव्हता. मग मी प्रत्येक मनगटाला बांगड्यांवरून एकेक रुमाल घट्ट बांधला. हात हलवून दाखवला. आवाज आला नाही.

“चला, कल्याणला,” मी म्हटलं.

“कला? काल कललं ना?” कला म्हणजे कशाला.

“काल बांगड्यांचं कळलं. काठीचं अजून कळायचंय.”

ते आले. मला वाटतं, माझे रुमाल बांधलेले हात बघून त्यांना नाही म्हणता आलं नाही. डोंबिवलीहून पत्रीपुलावरून कल्याण, रविवारी सकाळी वीस-पंचवीस मिनिटं. हे दुकान जाळी विकणारं, काठ्या एका कोपऱ्यात. गल्ल्यावर पाटीलताई, साठीच्या, आगरी. माझ्या मनगटांकडे बघून म्हणाल्या, “भाजलं का गो?” मी सगळं सांगितलं. बाबा जाळ्यांकडे तोंड करून उभे राहिले.

ताईंनी ऐकून घेतलं आणि साडेसहा फुटांची एक काळी काठी काढली, बत्तीसशेची. त्यावर रील चढवून दोरी ओवली. “दादा, फेका पाहू एकदा, दोरी सोडू नका. नुसता हात.”

बाबांनी उजव्या हाताने काठी मागे नेऊन पुढे आणली. खांदा आणि मनगट ठीक चाललं.

“फेकायला हा हात चांगला हाय तुमचा. आता बघा, रीलचं हँडल उजवीकडे हाय. म्हणजे फेकल्यावर काठी डाव्या हातात द्यायची आनि उजव्याने नुसतं फिरवायचं. बरेच लोक तसंच करतात. मासा लागतो तेवा अंगठा डावा असतो दोरीवर.”

“माशाला डावा हात?” बाबा म्हणाले.

हे बाहेरच्याला कळणार नाही म्हणून सांगते. डाव्या हाताने होडीतलं पाणी उपसतात. देवीला नारळ उजव्या हाताने, जेवण उजव्या हाताने, मासाही उजव्यानेच. वर्षभरात डॉक्टरांना, व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला आणि मला, कुणालाच दोरी डाव्या हातात द्यायचं सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी बाबांनी ऐकलं नसतं.

“मासा काय विचारतो, कोनता हात तो?” ताई म्हणाल्या. “नसंल तर नका घेऊ. होरी विकायचीच हाय ना?”

बाबांनी त्यांच्याकडे रागाने बघितलं. मग काठी डाव्या हातात घेतली, डावा अंगठा दोरीवर ठेवला आणि डोळे मिटले. मी शेंड्याला गेले.

ओढलं. बराच वेळ गेला. “काहीतरी हाय,” ते म्हणाले. “खेकरा?”

हिसके दिले. “खेकरा.” ते चुकीचं होतं. ठोकून थांबले. “शिंगाला.” तेही चुकलं. पुन्हा हिसके दिले तर यावेळी शिंगाळा बरोबर सांगितला. मग मी काहीच केलं नाही, नुसती उभी राहिले. ते वाट बघत राहिले आणि म्हणाले, “आता कोन नाय.”

पाचपैकी तीन. आदल्या दिवशी पाचही बरोबर होती आणि एकही हातातून आलेलं नव्हतं. मी त्यांना हे तिथेच म्हणून दाखवलं. बाबांनी काठी खाली ठेवली नाही. मी रीलसकट पैसे दिले. ताईंनी वर गळांचं एक पाकीट फुकट दिलं.

काठी निवडताना काय बघायचं असं कुणी विचारलंच तर: लांबी, जाडी, शेंडा किती वाकतो हे दुकानदार सांगतील आणि ते बरोबरच असेल. पण रील चढवून, दोरी ओवून घ्या, डोळे मिटा आणि कुणाला तरी शेंड्याला उभं करा. शक्यतो बांगड्या नसलेल्या माणसाला.

दुपारी तिथूनच डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या बंदरावर गेलो. मोबाईलमध्ये भरतीची वेळ बघून मी घाई करत होते. बाबांनी विचारलं, ती वेळ कुठली. मी म्हटलं, मुंबईची. “मग पानी इथं यायला अजून अवकाश हाय. चा पी,” ते म्हणाले. भरती खाडीत आत चढत यायला वेळ लागतो हे मोबाईलने मला सांगितलं नव्हतं. आम्ही टपरीवर चहा घेतला. पाणी खरंच तासाभराने भरलं.

पहिल्या दोन फेकीत रीलवर दोरीचा नुसता गुंता झाला, तो सोडवण्यात अर्धा तास गेला. तिसरी फेक बऱ्यापैकी लांब गेली. बाबांनी काठी डाव्या हातात घेतली आणि डोळे मिटून धक्क्यावर बसले. ऊन उतरत आलं तेव्हा त्यांची मान किंचित वर झाली.

“खेकरा,” ते म्हणाले आणि उजव्या हाताने रील फिरवायला लागले. वर आला तो वीतभर शिंगाळा, मिशा हलवत. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या डाव्या हाताकडे.

“गाढव हाय,” ते हाताला म्हणाले. “पन शिकंल.” आणि ते हसले. मीही हसले. मला त्या वीतभर शिंगाळ्याचा इतका आनंद झाला होता की तो परत पाण्यात सोडताना काटा बोटात घुसला तरी बराच वेळ कळलं नाही.

सोमवारी त्यांनी होडी बघून गेलेल्या माणसाला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. घरी येऊन मी रुमाल सोडले, नेहमीचा आठवडा सुरू झाला. प्रवास म्हणावा असं यात फारसं काही नाही, रस्ते तेच आणि फाटेही तेच. शनिवारी बाबांचा फोन आला: उद्या ये, आणि रुमाल आण.

रविवारी कोपरीला पोचले तेव्हा काठीचा शेंडा खिडकीच्या गजांमधून गल्लीत आला होता. बाबा आत कुठे बसलेत ते दिसत नव्हतं.

“बांगड्या?” आतून आवाज आला.

“बांधल्यात.”

“मग चल. मासा हो.”

मी शेंड्यावर नखाने एकदा ठोकलं आणि थांबले. आत काहीच हालचाल नव्हती. मी लहानपणी उभी राहायचे तिथेच उभी होते, श्वास धरून. बाबांनी घाई केली नाही.

“जितारा,” ते म्हणाले.