कोशाच्या कुर्त्यावर गुलाब

गुलाबाचं अत्तर दोन कुळांमधलं अंतर पुसून टाकतं, असं माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात लाऊडस्पीकरवरून मोठ्या गांभीर्याने सांगण्यात आलं. पुसण्याच्या कामात अत्तराचा लौकिक तसा वाईट आहे. ते तेलातलं असतं. कापडावर एकदा बसलं की दुसरं काही पुसत नाही आणि स्वतःही पुसलं जात नाही.

लग्न मुर्रीला होतं, शेताला लागून टाकलेल्या मांडवात, भर उन्हाळ्यातल्या दुपारी. वरात अर्जुनी मोरगावहून आली होती. मुलगा बहिणीने स्वतः पसंत केला होता आणि त्यासाठी तिने दोन्ही घरांशी वर्षभर भांडण केलं होतं. दोन्ही घरं शेवटी हो म्हणाली ती थकून. लग्न मोडायला त्यांना कारण हवं होतं, आणि ते फार मोठं असायचीही गरज नव्हती. हे बहीण जाणून होती. म्हणून सकाळपासून तिची एकच विनवणी चालली होती, "आज कोणी काही करू नका."

मामाने केलं. समधी-भेटीचा मान त्याच्याकडे होता. आमच्याकडे वरात दारात आली की दोन्हीकडची वडीलधारी माणसं गळाभेट घेतात आणि एकमेकांना अत्तर लावतात. मामाने गोंदियाच्या बाजारातून खास कुपी आणली होती. दुकानदाराने सांगितलं होतं, की अल्कोहोलचा थेंब नाही, शुद्ध तेलात आहे, वास आठवडाभर हलणार नाही, फक्त रेशमावर लावू नका, मनगटाला किंवा कानामागे लावा. मामाने यातला आठवडा तेवढा लक्षात ठेवला. कानामागचं अत्तर कोणाला दिसत नाही आणि न दिसणारा पाहुणचार मामाला मान्य नव्हता. त्याने अंगठाभर अत्तर नवरदेवाच्या वडिलांच्या छातीवर, बदामी कोशाच्या नव्या कुर्त्यावर, दाबून लावलं.

डाग हळूहळू पसरत तळहाताएवढा झाला. कोशाचं रेशीम तेल फार मन लावून पितं.

"समधीजी, भजे तळून आले का?" आमच्या काकाने विचारलं. आमचीच माणसं हसली. नवरदेवाचे वडील मवाळ गृहस्थ, तेही थोडं हसले. त्यांचा थोरला जावई मात्र हसला नाही. जावयाने हसायचं नसतं, हा त्याचा धर्म होता.

"चला, बोरिंगवर धुऊन देतो," म्हणत मामाने व्याह्यांना मांडवामागे नेलं. भांडी घासणाऱ्या बायांचा कपड्याचा साबण उचलला, एका हाताने त्यांची कॉलर धरली आणि दुसऱ्याने छाती घासायला सुरुवात केली. सकाळी बायकांनी मामाला पकडून कोपरापर्यंत ओली हळद फासली होती. ती त्याने थट्टेची शोभा म्हणून तशीच ठेवली होती. आता हळद तेलात उतरली, तिच्यावर साबण बसला, आणि कुर्ता छातीपासून पोटापर्यंत लाल झाला.

मांडवातून दिसलं ते एवढंच, की मामाने व्याह्यांची गचांडी धरली आहे, छातीत काहीतरी खुपसतो आहे आणि लाल ओघळतं आहे.

"मारलं रे! बाबूजीले चाकू मारला!" जावई ओरडला आणि धावला.

त्याने पहिली लाथ मामाच्या कमरेत घातली. मामा बोरिंगच्या दांड्यावर आदळला आणि गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकी तुराटी मोडावी तसा. मग आमच्या काकाने जावयाच्या डोक्यात झारा घातला. झाऱ्याला गरम तेल होतं. जावयाचं कपाळ फाटलं, आणि आता खरं रक्त आलं. ते हळदीपेक्षा पुष्कळ कमी लाल दिसत होतं.

त्यानंतर कोण कोणाला का मारतो आहे हे कोणी विचारलं नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या उडाल्या. मी सोडवायला गेलो. एका खुर्चीचा पाय माझ्या तोंडावर बसला आणि दात जिभेवर आला. बँडवाल्याने ढोल वाचवायला पाठ पुढे केली, तर लोकांनी पाठीवर हाणलं. भाताचा गंज उलटला, आणि खाली पडलेल्या एका वऱ्हाड्याच्या पायावर उकळतं पाणी गेलं. तो ओरडला तसा मी त्याआधी माणूस ओरडताना ऐकला नव्हता. काकाच्या गळ्यातला मानाचा दुपट्टा दोघांनी दोन बाजूंनी ओढला. त्याचे डोळे पांढरे होईपर्यंत ओढला.

या सगळ्याच्या मधोमध नवरदेवाचे वडील हात वर करून ओरडत होते, "अरे, मी चांगला आहो! मले काही नाही झालं!" पण त्यांची छाती ज्याला दिसे तो आणखी चवताळे. सगळीकडे गुलाबाचा वास होता. कुपी पायाखाली फुटली होती.

"वरात वापस!" कपाळ दाबत जावई गरजला. "नवरदेव उठवा, गाडीत बसवा!"

मुलाला दोघांनी दंडाला धरून उठवलंही. त्याच्या हातात कट्यार होती, टोकाला लिंबू खोचलेलं, नजर लागू नये म्हणून. लग्नातलं एकुलतं एक पातं ते, आणि कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

बहिणीच्या आलं. ती हळदीच्या साडीत बाहेर आली, खुर्च्या ओलांडत सरळ त्याच्यापाशी गेली आणि लिंबू उपसून घेतलं. कट्यारीनेच चिरलं. सासऱ्यांसमोर उभी राहिली आणि त्यांच्या छातीवर पिळलं. लाल जागा पिवळी झाली.

"हळद आहे," ती म्हणाली. "साबण लागला का लाल होते. तुमच्यातल्या एकानं तरी घरी कपडे धुतले असते, तर माहीत राहिलं असतं."

हात थांबले. दुपट्टा सुटला आणि काका खोकत खाली बसला.

"मंग आमी कायले मारून राहिलो?" कोणीतरी विचारलं.

"ते तुमी ठरवा. बाबूजी, तुमी थांबता का जाता?"

बाबूजींनी कुर्ता काढला, बनियनवर बसले आणि म्हणाले, "भटजीले बोलवा."

लग्न लागलं. मामा, जावई आणि भाजलेला वऱ्हाडी एकाच गाडीतून दवाखान्यात गेले आणि रस्ताभर एकमेकांशी बोलले नाहीत. कुर्ता पुढे बहिणीनेच धुतला. जावयाचं रक्त गार पाण्याने गेलं. हळद उन्हात उडाली. तेलाचा डाग अजून आहे. वास त्याच संध्याकाळी गेला होता.