माझ्या अंगात कोण यायचं

माझ्या अंगात नक्की कोण यायचं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात मिरगी. गावातल्या बाया म्हणायच्या आई भवानी. मला विचाराल तर मी त्या वेळी तिथं नसायचेच. हातातलं काम चालू असायचं, आणि एकदम डोळे उघडले की मी जमिनीवर, जीभ चावलेली, अंग ठेचल्यासारखं दुखतंय, कपाळभर कुंकू, आणि म्हाताऱ्या बाया माझ्या पाया पडताहेत. पहिल्यांदा ते बघून मला वाटलं, आपण मेलोच बहुतेक.

आमचं गाव नेकनूरच्या अलीकडं. घरात भवानीचं लई. मुलगी झाल्यावर काही महिन्यांनी मी पहिल्यांदा पडले, तीही नेमकी देवळात, मंगळवारी, आरतीला संबळ वाजत असताना. मग शंका घ्यायला जागाच राहिली नाही. सासूबाईंनी तिथंच माझी ओटी भरली. पुढं एकदा चुलीपुढं पडले, कोपर भाजलं, तरी लोक म्हणाले, आईला काय, चूल अन् देऊळ सारखंच. तेव्हापासून घरात मला कुणी उणा शब्द बोलेना. जाऊबाई मूळची खोचक, तीसुद्धा अहो-जाहो करायला लागली. दर मंगळवारी लोक माझ्या हातून अंगारा लावून घ्यायला यायचे. ऐकायला बरं वाटतं हे, पण माझी लेक माझ्याजवळ देईनात. दूध पाजायचं तेवढं पाजू द्यायचे, समोर बसून, आणि लगेच उचलून न्यायचे. सासूबाई म्हणायच्या, "वारं कवा यील नेम न्हाई, लेकराला लागंल." म्हणजे मी पाया पडण्याजोगी होते, पण पोटचं लेकरू सांभाळण्याजोगी नव्हते. रात्री ती पलीकडच्या खोलीत रडायची आणि इकडं माझा पदर भिजायचा.

मालकांनी एकदा दवाखान्याचं नाव काढलं. सासूबाई म्हणाल्या, "गोळ्या घालून आईला हुसकायचं व्हय रं? कोपली म्हंजी?" त्यांनी विषय सोडला. मीही सोडला, कारण मला भ्याव दोन्हीकडून वाटायचं. आई असेल तर गोळी घेणं पाप, आणि नसेल तर इतक्या लोकांना मी कशाच्या जोरावर अंगारा लावत होते? दिवा लावताना रोज विचारायचे, आई, तू हायेस का माझ्यात? असलीस तर मला कळत कावून न्हाई? विचारून विचारून डोकं भणभणायला लागलं.

मग पौर्णिमेला देवळात आराधी आले, भवानीची गाणी म्हणत फिरणारे तिचे भक्त. त्यांच्यातली एक म्हातारी आराधीण गळ्यात कवड्यांची माळ घालून वर्षानुवर्षं आमच्याकडं जोगवा मागायला येते. तिचं वारं आजूबाजूची सगळी गावं मानतात. संबळ वाजला, ती घुमायला लागली, आणि तेवढ्यात इकडं मी पडले. पुढचं सगळं ऐकीव आहे. जाऊबाई सांगते, बायांनी माझ्यावर कुंकू उधळलं, एकीनं नाकाला कांदा लावला, दोघींनी हात दाबून धरले, एक दातात चमचा घालायला निघाली. आणि घुमता घुमता आराधीण थांबली. म्हणाली, "ती मी न्हाई. मी हितं हाय. ही पोर आजारी हाय माझी. सोडा तिचे हात, तोंडात काय घालू नका, कुशीवर घ्या अन् दवाखान्यात न्या." सासूबाई म्हणतात, आराधीण फक्त "मी हितं हाय" एवढंच बोलली, बाकीचं जाऊबाईच ओरडली. कुणाचं खरं मानावं? पण "मी हितं हाय" यावर दोघींचं एकमत आहे, आणि देवीनंच सांगितल्यावर तिच्यापुढं कोण बोलणार?

बीडला डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की मेंदूतली वीज घटकाभर बिघडते, हा आजार आहे, बाहेरचं काही नाही आणि कुणाला लागणही होत नाही. फिट आली की धरून दाबायचं नाही, तोंडात चमचा, पाणी काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. चूल, दगड बाजूला करायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, कुशीवर वळवायचं आणि शुद्ध येईस्तोवर जवळ बसायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा लागोपाठ यायला लागल्या तर थेट दवाखाना. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. लेकराला अंगावर पाजायला हरकत नाही, फक्त खाली बसून पाजायचं. सासूबाई त्यांना बजावून म्हणाल्या, "आईनं सांगितलं म्हनून आलो बरं का." डॉक्टर म्हणाले, "मग आईचं ऐका, गोळी चुकवू नका."

पुढं आराधीण जोगवा मागायला दारात आली तेव्हा मी तिला विचारलं, "मावशी, त्या दिशी तुमाला कसं कळलं?" ती म्हणाली, "मला काय ठावं, बाई? वारं उतरल्यावर लोक सांगत्यात, मी काय बोलले ते." मग आम्ही दोघी ओट्यावर बसून पोट धरून हसलो. जिच्या तोंडून ते निघालं तिला आठवत नाही, जिच्यासाठी निघालं तिलाही नाही. मग बोललं कोण? मी लई डोकं चालवलं, हाती काही लागलं नाही. शेवटी ते आईवर सोडलं आणि गोळीचा नेम तेवढा धरला.

फिटा हळूहळू थांबल्या. मंगळवारी लोक येऊन बसायचे, वाट बघायचे, कंटाळून उठायचे. पुढं यायचेच बंद झाले. सासूबाईंनाही कळेना, माझ्याशी आता कसं वागावं. मग एका सकाळी मी भाकरी आटोपून बसले होते, तर त्या तणतणत आत आल्या आणि पोरगी माझ्या मांडीवर टाकली. "घे गं हिला, कवाधरनं किरकिर लावली. मला काय चार हात हायेत? अन् कालच्या कालवणात मीठ कुठं हुतं?" एवढं बोलून त्या कापूस वेचायला निघून गेल्या. घरात मी आणि माझी लेक, दुसरं कुणी नाही.

मी तिला छातीशी धरून पोटभर रडले. मग हात जोडले. कुणाला जोडले म्हणाल, तर जी माझ्या अंगात नव्हती, तिलाच.