सतरा आणि अठराच्या मधलं पाणी

कामाला बसण्याआधी घड्याळ काढून खिशात ठेवणं. चहा अर्धा पिणं आणि उरलेला विसरून जाणं. लिफ्ट असली तरी जिना चढणं. हातातलं काम संपेपर्यंत कुणाच्याही हाकेला ओ न देणं. कामाचा नंबर ओठांतल्या ओठांत म्हणणं. आणि घरी निघण्याआधी दहा मिनिटं स्टुलावर डोळे मिटून बसणं.

ठोकळाकाकांच्या या सवयी प्रयोगशाळेत सगळ्यांना तोंडपाठ होत्या. त्यांची नक्कलही सगळे करायचे. सगळ्यात हुबेहूब नक्कल टायपिस्टची. ती साहित्यात पदवी घेऊन आली होती आणि तपासण्यांचे रिपोर्ट टाइप करत होती. शिकले काय आणि करते काय, असं ती स्वतःच म्हणायची. ती पंचवीसची, काकांच्या निवृत्तीला काही महिने उरलेले. तरी दोघांचं गूळपीठ होतं. दुपारचा डबा दोघं जिन्याच्या पायरीवर बसून खायची.

काकांचं काम साधं दिसायचं. ऑपरेशनमध्ये काढलेला शरीराचा बारीकसा तुकडा मेणात बसवला की त्याचा ठोकळा होतो. काका यंत्रावर त्याचे काप काढत, केसाहूनही कितीतरी पातळ. काप कोमट पाण्याच्या भांड्यात तरंगत सोडायचा, काचेच्या पट्टीवर अलगद उचलायचा, रंगवून डॉक्टरबाईंकडे पाठवायचा. आजार आहे की नाही, ते त्या सूक्ष्मदर्शकातून बघून सांगत. दर ठोकळ्यानंतर काका टिपकागद फिरवून पाणी वरवर पुसून घेत. आधीचा एखादा कण पाण्यावर राहिला तर तो पुढच्याच्या काचेवर चढतो. मग एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर लागतो.

लोक त्यांना ठोकळाकाका म्हणत, पण स्वतः काका ठोकळा हा शब्द वापरत नसत. 'थांब, एवढा माणूस होऊ दे,' असं म्हणत.

तरुणपणी हेच काका म्हणजे जमदग्नी. एकदा काप फाटला म्हणून त्यांनी अख्खा ट्रे भिंतीवर भिरकावला होता. त्यांना काम शिकवणाऱ्या वयस्कर बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी विखुरलेले ठोकळे वेचले, नंबर लावून ठेवले आणि काकांना स्टुलावर बसवलं. हात थांबलेत, आता डोकं थांबेपर्यंत बस, म्हणाल्या. काका जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी आपणहून बसले. एकतीस वर्षं बसतोय, अजून पुरतं थांबलेलं नाही, असं ते हसत सांगायचे.

मिटल्या डोळ्यांनी काय करता, असं टायपिस्टनं एकदा विचारलं होतं. दिवस उलटा चालतो, ते म्हणाले. शेवटचा माणूस आधी, मग त्याच्या आधीचा, असं करत सकाळपर्यंत. प्रत्येक ठिकाणी हात आठवायचा. हात कुठे होता आणि आपण कुठे होतो. तिला ते तेव्हा म्हातारपणाचं खूळ वाटलं.

त्या वर्षी कर्मचाऱ्यांसाठी सभागृहात योगवर्ग सुरू झाला. टायपिस्ट पहिल्याच आठवड्यात वर्गाची राणी झाली. ती धनुष्यासारखी वाके, डोक्यावर उभी राही. काकांचे गुडघे कामातून गेलेले. ते मागे खुर्चीवर ताठ बसत आणि डोळे मिटत. काका पेंगतात, असं सगळे धरून चालले होते.

योगशिक्षक एकदा म्हणाला, "काका, शरीराचं पार लाकूड करून ठेवलंय तुम्ही."

"लाकूड बरं," काका म्हणाले. "आतून वाळवी लागू नये, एवढं बघतो."

वर्ग संपला त्या दिवशी फोटो काढायचा होता. सगळे रांगेत उभे राहिले. काका नव्हते. टायपिस्टनं तीनदा फोन केला. शेवटी ती स्वतःच खाली गेली. काकांनी नुकतीच सतरा नंबरची पट्टी उचलून ठेवली होती. तिनं त्यांचा हात धरून त्यांना उठवलंच. एक दिवस पाच मिनिटं उठलात म्हणून आभाळ कोसळणार नाही, म्हणाली. काका उठले. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. परत येऊन त्यांनी अठरा नंबर घेतला. काम रेंगाळलं आणि त्या संध्याकाळी स्टुलावर बसणंही राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरबाईंनी मजकूर सांगितला. नंबर अठरा, काठाला वाईट पेशींचा पुंजका, मोठं ऑपरेशन लागेल. सही उद्या करते, आज टाइप करून ठेव. टायपिस्टनं नाव घालायला अर्ज उलटला. अर्जावर तिच्या मावशीचं नाव होतं. कित्येक महिने छळणारी मावशीची गाठ याच आठवड्यात काढून तपासायला पाठवली होती.

आई गेल्यावर मावशीनंच तिला वाढवलं होतं. कपडे शिवून, पदवीपर्यंत. टायपिस्टनं मजकूर पूर्ण टाइप केला. एकही चूक झाली नाही, याचंच तिला नंतर आश्चर्य वाटत राहिलं.

घरी तिनं सांगितलं की रिपोर्ट अजून आलेला नाही.

मावशी शिलाईयंत्रावरून मान न उचलता म्हणाली, "तूच टाइप करतेस ना गं? मग जरा बरा कर की."

तिला हसावं लागलं.

सकाळी ती डॉक्टरबाईंच्या खोलीत कागद घेऊन उभी होती. सही व्हायची होती. काका दारात आले. पाच मिनिटं उशीर झाला तरी त्यांचा चेहरा उतरायचा. आज तो नेहमीसारखाच होता.

"बाई, परवा सतरा आणि अठराच्या मध्ये माझं पाणी पुसायचं राहिलं," ते म्हणाले. "अठरा परत कापायला हवा."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी विचारलं, नक्की का. काकांनी सांगितलं ते असं. परवाचं बसणं चुकलं होतं, म्हणून काल संध्याकाळी दोन दिवसांचं मिळून बसले. सगळीकडे हात सापडला. सतरानंतर हात टिपकागदाकडे गेल्याचं मात्र काही केल्या आठवेना. घरून फोन करणार होते, पण हे समोर येऊन सांगायचं असतं. एकतीस वर्षांत त्यांच्याबद्दल एकही तक्रार नव्हती, आणि हे त्यांच्याशिवाय कुणालाच कळलं नसतं.

टायपिस्टनं हातातला कागद घडी करून मुठीत धरला. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं.

त्यांनी अठरा नंबर पुन्हा यंत्राला लावला. आत खोलवर जाऊन सहा काप घ्यायचे होते. ती मागे जाऊन उभी राहिली. काकांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. पाणी बदललं, नवीन पाणी कोमट होईपर्यंत थांबले. ठोकळ्यावर हळूच श्वास सोडला आणि चाक फिरवलं. पहिला काप निघाला. पाणी पुसलं. दुसरा निघाला. पुन्हा पाणी पुसलं. माणूस तोच असताना पुन्हा पुन्हा पुसायचं कशाला, असं तिच्या मनात आलं. तिला त्यांचा खांदा धरून हलवावंसं वाटत होतं.

तू जा, टायपिंग पडलं असेल, काका म्हणाले.

"काका, ही माझी मावशी आहे."

चाक थांबलं. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी यंत्राचं चाक खिटी लावून अडकवलं, सुरीवर झाकण सरकवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. उजवा हात कापत होता. तो तिला स्पष्ट दिसला. काकांनी डोळे मिटले.

ती वाट बघत राहिली. भांड्यातून वाफ वर येत होती. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेली. काकांच्या पाठीची हालचाल संथ होत गेली. आत कुणी घाई करणारं माणूस होतं आणि काका त्याची समजूत घालून त्याला खाली बसवत होते, असं तिला वाटलं. धनुष्यासारखं वाकणं तिला जमत होतं. हे तिला जन्मात जमलं नसतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तो हात थांबला. मग काकांनी झाकण काढलं आणि तिसरा काप घेतला. पहिल्या दोन कापांसारखाच.

सकाळपासून तिला मनात कुठेतरी वाटत होतं की मावशीचं नाव वाचूनच काकांनी हे आपल्यासाठी केलं. तसं नव्हतं. डॉक्टरबाईंच्या दारात उभे राहिले तेव्हा अठरा हा त्यांच्यासाठी फक्त अठरा होता. हे तिला आत्ता कळलं.

पट्ट्या नेऊन देताना टायपिस्टनं बाईंनाही मावशीचं सांगितलं. डॉक्टरबाईंनी सहाही पट्ट्या पाहिल्या. मग पुन्हा पाहिल्या. मग सतरा नंबरची काढून शेजारी लावली.

"सहाच्या सहा स्वच्छ," त्या म्हणाल्या. "तो पुंजका सतराचा होता. तुझ्या मावशीला काही झालेलं नाही."

टायपिस्ट खाली फरशीवरच बसली. आधी तिला उचकी लागली, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. तिनं मावशीला फोन लावला आणि काही बोलताच येईना. मावशीनं विचारलं की पगार वाढला की नोकरी गेली, ते एकदा ठरव. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं सांगितलं की येताना काळ्या धाग्याची दोन रिळं घेऊन ये. तिचा आवाज मात्र सैल पडला होता. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा.

काका दारात थांबले होते. सतराचं काय, त्यांनी विचारलं. सतराचा रिपोर्ट कालच गेला, बाई म्हणाल्या, तो मात्र खरा आहे. काकांनी मान हलवली आणि ते आपल्या यंत्राकडे परतले.

दुपारी त्यांनी कपाटातून चुकांची नोंदवही काढली. कशाला लिहिता, वेळेत सापडलं ना, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. काका लिहायला बसले. कारणाच्या रकान्यात माझं नाव घाला, टायपिस्ट म्हणाली, मीच तुम्हाला ओढून नेलं.

"हात धरलास तू. उठलो मी," काका म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं, 'लक्ष नव्हतं.'

शेवटचा रकाना होता, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार. त्यात त्यांनी 'यापुढे' असं लिहिलं आणि पेन थांबलं. खोटं लिहायचं नव्हतं. खरं किती लिहिता येईल, ते ठरेना. तेवढ्यात नवा ट्रे आला. नंतर बघतो, म्हणून त्यांनी वही मिटली.

तीन महिन्यांनी ते निवृत्त झाले. डॉक्टरबाई वही तपासतात तेव्हा त्या ओळीपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करतात. आता तिथे दोन प्रश्नचिन्हं आहेत. त्यांच्याआधी 'यापुढे' एवढाच शब्द आहे, आणि बाकी रकाना कोरा.