आकाशयानाचे दार आणि शनिवारची वही

कमलाबाई कंधारकर यांचा आणि माझा परिचय एका आकाशयानाच्या दारामुळे झाला, असे लिहिले तर बाईंच्या या गौरवग्रंथाच्या विद्वान वाचकांना ते विचित्र वाटेल. परंतु ते खरे आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. सिकंदराबादच्या रेल्वे कारखान्यात मी तीस वर्षे बॉयलरचे काम केले आणि त्याबद्दल मला कधी कमीपणा वाटलेला नाही. हे आरंभीच सांगितलेले बरे.

बाई मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवीत. दर शनिवारी सायंकाळी बरकतपुऱ्यात त्यांच्या घरी वाचनमंडळ भरे. पुस्तकाची प्रत एकच असे. बाई एक प्रकरण मोठ्याने वाचीत, नंतर चर्चा होई, आणि झालेल्या चर्चेचे टिपण सभासदांनी पाळीपाळीने एका वहीत लिहून पुढच्या शनिवारी वाचावे, असा नियम होता. माझे जावई चिक्कडपल्लीहून तेथे नेमाने जात. एकदा ते मलाही घेऊन गेले.

त्या वेळी मंगळावर जाणाऱ्या आकाशयानाची एक कादंबरी चालू होती. यानाचे दार बाहेर उघडते आणि आतून एका अडसराने बंद होते, असे तीत वर्णन होते. मंडळींनी लेखकाच्या कल्पनाशक्तीची वाखाणणी केली. मला राहवले नाही. मी म्हणालो, "हे दार टिकणार नाही."

मंडळात एक वकीलसाहेब होते; हैदराबादी रीतीने ते कोणालाही 'मियाँ' म्हणत. ते म्हणाले, "मियाँ, ही कादंबरी आहे. तुमचा कारखाना नव्हे." सगळे हसले. मी टोपी सारखी करून उठू लागलो.

बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी खडू माझ्या हाती दिला. "बसा, गणपतराव. का टिकणार नाही ते काढून दाखवा."

मी फरशीवर बॉयलरच्या झाकणाचे चित्र काढले. ते लंबगोल असते. तिरके करून आत घालतात आणि आतल्या बाजूने बसवतात. वाफेचा जोर जितका वाढेल तितके ते घट्ट बसते. यानात आत हवा आणि बाहेर काहीच नाही. मग ती हवा बाहेर उघडणारे दार ढकलणारच. सगळा भार त्या एका अडसरावर.

बाईंनी चित्राकडे पुष्कळ वेळ पाहिले. "मी इतकी वर्षे हवेचा दाब शिकवते," त्या सर्वांसमोर म्हणाल्या, "आणि आता हे प्रकरण वाचताना माझ्या ध्यानात आले नाही." आपली चूक इतक्या सहज मान्य करणारे शिक्षक मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

पुढे टिपणाची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी लागोपाठ दोन शनिवार गेलो नाही. तिसऱ्या आठवड्यात बाई वही घेऊन स्वतः सिकंदराबादेस आमच्या घरी आल्या.

"प्रकृती बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग पाळी चुकवलीत."

खोटे बोलणे मला जमत नाही. मी म्हणालो, "बाई, चौथी शिकलेल्या माणसाचे लेखन त्या मंडळींत वाचण्याजोगे नसते."

"दार कसे बसवायचे ते सांगितलेत ना? तसेच लिहा. मला त्याहून अधिक काही नको." त्यांनी चहा घेतला आणि त्या वही ठेवून गेल्या. मी चार संध्याकाळी बसून टिपण लिहिले. ते बाईंनी स्वतः वाचून दाखवले, एक शब्दही न बदलता. वकीलसाहेबांनी शेवटचा भाग पुन्हा वाचावयास सांगितला.

नंतर राज्याची पुनर्रचना झाली. आमचे हैदराबाद तीन राज्यांत वाटले गेले आणि मराठी मंडळी एकेक करून निघाली. वकीलसाहेब मुंबईस निघाले तेव्हा काचीगुड्याच्या स्टेशनावर मी गेलो होतो. डब्याच्या दारात उभे राहून त्यांनी विचारले, "गणपतराव, हे दार तरी बरोबर आहे ना?"

"आत उघडते, साहेब. निर्धास्त जा," मी म्हणालो. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

मग बाईंनाही कोणत्या राज्यात नोकरी करणार, हे सरकारने विचारले. त्यांच्या बंधूंनी औरंगाबादेस घर पाहून ठेवले होते. बाई गेल्या की मंडळ संपणार, हे उघड होते. या वयात मला मिळालेली विद्वानांच्या पंक्तीतली एकमेव जागाही त्याबरोबर जाणार होती. तरीही पाळीमुळे तेव्हा माझ्याकडे असलेली वही मी धुतलेल्या फडक्यात गुंडाळली आणि परत करावयास बरकतपुऱ्यास गेलो.

"बाई, आपण जावे," मी म्हणालो. "तिकडे आपली माणसे आहेत, आपली भाषा आहे." हे बोलणे मला जड गेले.

"आणि इथल्या मुलींना मराठीतून शास्त्र कोण शिकवणार?" बाई म्हणाल्या. "मी इथेच राहते म्हणून कालच लिहून दिले. वही का परत आणलीत? शनिवारी पुढचे प्रकरण आहे."

त्या शनिवारी आम्ही तिघेच होतो: बाई, माझे जावई आणि मी. खोली भरलेली असताना बाई ज्या आवाजात वाचीत, त्याच आवाजात त्यांनी ते प्रकरण वाचले. नंतर त्या म्हणाल्या, "आता पाळ्या कशाला? टिपण तुम्हीच लिहीत जा." तेव्हापासून वही माझ्याकडे आहे. आज चौथी वही चालू आहे, आणि मंडळात पुन्हा नऊ माणसे येऊ लागली आहेत.

बाईंना साठावे वर्ष लागले. अलीकडे त्या पुस्तक दिव्याच्या थोडे जवळ धरतात, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. त्यांची दृष्टी निर्मळ राहो, आवाज असाच खणखणीत राहो आणि त्यांना निरामय दीर्घायुष्य लाभो. मी त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठा आहे. परंतु वाचायचे त्यांनी आणि लिहायचे मी, असे आमचे ठरले आहे. आणि पुन्हा पाळी चुकवण्याचा माझा विचार नाही.