पांढऱ्या झुपक्याचा नर

रामसिंगची नि माझी ओळख पोस्टाच्या खिडकीतली. इंझोरीच्या पोस्टात मी एकटाच. टपाल कमी, रिकामटेकडे जास्त. रामसिंग तांड्यावरून गुडघा धरत यायचा, बाकावर तासभर बसायचा आणि निघून जायचा. काय काम काढलं म्हणून विचारलं, तर म्हणायचा, "काई नाई, बसलो."

दसऱ्यानंतर त्याचा तांडा रिकामा होतो. बायको रुपाबाई, मुलगा वीरेंद्र, सून रीता, सगळे ऊसतोडीला जातात. गुडघा गेल्यापासून रामसिंगला टोळीत कोणी घेत नाही. सहा महिने हा गडी कुलुपं लावलेल्या घरांची राखण करतो. राखण कसली, देव जाणे! रुपाबाईचा फोन पंधरा दिवसांतून एकदा, दोन वाक्यांचा, कारण उसाच्या फडात चार्जिंगची मारामार.

यंदा भादव्यात अमरावतीहून वैष्णवी नावाची संशोधक मुलगी आली होती. तिचा अभ्यास दरोडेखोर माश्यांचा. रामसिंग तिला वाट दाखवत आठ दिवस रान हिंडला आणि मग मलाच शिकवू लागला.

"सतीशभाऊ, ते माशी काडीच्या शेंड्यावर बसते. उडता किडा हवेतच धरते, त्याच्यात सोंड खुपसते, आतलं पातळ करून पिऊन टाकते. अन् पुन्हा शेंड्यावर हाजर."

तोंडावर दाट मिशी, पाय काटेरी, दोन डोळ्यांच्या मधे डोक्याला खोलगा. एवढं सगळ्याच दरोडेखोर माश्यांना असतं. त्यातली प्रोमॅकस ही प्रजाती ओळखायची पंखावरून: शिरांनी आखलेले तीन कप्पे एका रांगेत, इतर बऱ्याच जणींना दोनच. हे तो बाकावर बोटाने काढून दाखवायचा. पण प्रोमॅकसमध्ये जाती पुष्कळ, एकीसारखी दुसरी. नेमकी कोणती, ते ठरवायला नर लागतो. त्याच्या पोटाच्या टोकाची घडण भिंगाखाली पाहावी लागते. वैष्णवीला मिळाल्या त्या सगळ्या माद्या. जाताना तिने रामसिंगला भिंग, बरणी आणि कागदी पुड्या दिल्या. शेपटाला पांढरा झुपका असलेला नर धरायचा, आणि पुडीवर जागा नि तारीख खरीच लिहायची. तारीख खोटी असली तर तो किडा अभ्यासाच्या लेखी कचरा, असं तिने बजावलं.

मग दर रविवारी दहाला तिचा फोन. तांड्यात रेंज नाही, म्हणून रामसिंग धुतलेला सदरा घालून पोस्टाच्या ओट्यावर यायचा. पोस्ट बंद असलं तरी मी मागेच राहतो.

"काका, सापडला का नर?"

"नाई ताई, पाहून राह्यलो."

पुढे वीस मिनिटं बोलणं चालायचं. शेताच्या कुठल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पाहिलं, ऊन किती होतं, गुडघा काय म्हणतो. आठवडाभर बोलत नसेल इतकं तो तेवढ्यात बोलायचा. मी चिडवायचो, "रामसिंग, नर तुले पाहूनच पळून राह्यले वाटते!" तो हसायचा नाही.

नोव्हेंबर सरत आला तशी वैष्णवी म्हणाली, "जाऊ द्या काका. हंगाम संपला. नर मिळाला नाही असं लिहून टाकते. आता तुम्हाला दर रविवारी त्रास देणार नाही."

'त्रास' ऐकून मलाच वाईट वाटलं.

सोमवारी रामसिंगने खिडकीत डबी ठेवली. अमरावतीला पाठवायची होती. पार्सल बांधण्याआधी मी आत पाहिलं. पुडीत माशी होती, शेपटाला पांढरा झुपका. पुडीवर शिसपेन्सिलीने लिहिलं होतं: बोरीजवळचा धुरा, इंझोरी तांडा, १७ ऑक्टोबर.

तेव्हापासून सहा रविवार होऊन गेले होते. माझा पारा चढला. "सहा खेपा खोटं बोलला? त्या पोरीचं काम अडवून ठेवलं? काहून?"

"सापडला म्हटलं असतं, त फोन कायले आला असता?"

माझा राग तिथेच विझला. खरं सांगतो, माझीच मला लाज वाटली. मी आवाज खाली आणून म्हटलं, "मंग तारीख तरी बदल. कालची टाक. तिले काय समजते?"

"नाई. माशी वाया जाईन."

"अरे, तू फसवलं हे समजन तिले. पुन्हा फोन नाई करनार ते."

"नाई करनार," तो म्हणाला आणि डबी माझ्याकडे सरकवली. मी शिक्का मारला.

पुढच्या रविवारी दहाला तो ओट्यावर हजर. अंगात धुतलेला सदरा, फोन मांडीवर. मी चहा नेऊन दिला. अकरा वाजले.

"पार्सल पोचलं का?" त्याने विचारलं.

"गुरुवारीच पोचलं."

"म्हंजे तारीख वाचली तिनं."

बारापर्यंत तो तिथेच बसून होता.